आंब्यातल्या अळीचं नाव: ट्यूबपासून अहवालापर्यंत

एप्रिल-मे महिन्यांत वाशीच्या फळबाजारात कापलेल्या हापूसमध्ये काही खराब दिसलं की पहिला शब्द तोंडी येतो तो 'माशी'. पुष्कळदा तो साका निघतो. गर पांढरट, स्पंजासारखा भुसभुशीत, आंबूस चवीचा होतो, पण आत जीव नसतो. साका ही फळाची विकृती आहे, तिचा किडीशी संबंध नाही. कोयीच्या आत पाय नसलेली, तपकिरी डोक्याची जाड अळी असेल तर तो कोयीतला भुंगा. पण गरात डोकं न दिसणाऱ्या, एका टोकाला निमुळत्या, पांढऱ्या-पिवळट अळ्या असतील, त्यांची लांबी आठ-दहा मिलिमीटर असेल आणि ताटलीत ठेवल्यावर त्या अंग कमानीसारखं वाकवून टुणकन उडी मारत असतील, तर ती फळमाशी. ही उडी पाहून घ्यावी. सडलेल्या फळावर चिलटांच्या अळ्याही असतात, पण त्या याहून बऱ्याच लहान असतात आणि अशा उड्या मारत नाहीत.

फळमाशी आहे एवढं कळून निर्यातीचं काम भागत नाही. आंब्यात मुख्यतः तीन जाती सापडतात: बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, झोनाटा आणि करेक्टा. कोणता देश कोणत्या जातीला अटकाव करतो याच्या याद्या जातीच्या नावानेच असतात. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतातला आंबा, कारली, पडवळ, वांगी आणि अळू यांची आयात थांबवली, त्यामागे फळमाशीसारख्या किडी सापडलेल्या खेपा होत्या. आंब्यावरची बंदी २०१५ च्या हंगामाआधी उठली. असा निर्णय झाला की कोकणातल्या बागायतदारापासून वाशीच्या गाळ्यापर्यंत सगळ्यांचा हंगाम अडकतो. म्हणून अळीवर चिकटवायचं नाव चुकू नये. हे नाव डीएनए वाचून ठरवता येतं, आणि ते चुकण्याची बहुतेक कारणं डीएनए वाचणाऱ्या मशीनमध्ये नसतात, मशीनच्या आधी आणि नंतर असतात. या लेखात भर त्यावरच आहे.

मोठ्या माशा ओळखता येतात. डॉर्सालिसच्या पोटावर काळा 'टी' असतो आणि पंखाच्या पुढच्या कडेने अरुंद गडद पट्टी टोकापर्यंत जाते. झोनाटा आणि करेक्टा यांच्यात ही पट्टी मध्येच तुटते आणि पंखाच्या टोकाला फक्त एक ठिपका उरतो. मग या दोघींत भेद कसा करायचा? चेहरा पाहायचा. झोनाटाच्या चेहऱ्यावर दोन सुटे गोल काळे ठिपके असतात, करेक्टाचे ठिपके आडवे पसरून एकमेकांना जुळतात आणि काळी आडवी रेघ झाल्यासारखी दिसते. दहा पटीच्या भिंगाखाली, प्रकाश बाजूने टाकला तर हे स्वच्छ दिसतं. अळीला मात्र ना पंख, ना चेहरा. तिच्या तोंडातले आकडे आणि मागच्या टोकावरची श्वासछिद्रं पाहून अनुभवी माणूस बरंच सांगू शकतो, पण जवळच्या जातींत तोही थांबतो.

अळी वाढवून माशी होऊ देणं हा जुना आणि उत्तम मार्ग आहे. फळ ओलसर बारीक वाळूवर डब्यात ठेवायचं, वरून मलमल बांधायची. अळ्या वाळूत उतरून कोषात जातात आणि मुंबईच्या उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांत माशा बाहेर येतात. बाहेर आल्या आल्या त्यांना मारू नये. रंग पक्का व्हायला तीन-चार दिवस साखरपाणी आणि यीस्ट द्यावं लागतं, नाहीतर फिकट माशीवरून चुकीचं नाव पडतं. म्हणजे एकूण दोन आठवडे गेले, आणि तोवर माल थांबत नाही. डीएनएचा उपयोग इथे आहे. अळी, कोष, माशीचा एक पाय, काहीही चालतं आणि दोन-तीन दिवसांत उत्तर मिळू शकतं. तरीही शक्य असेल तर त्याच फळातल्या अर्ध्या अळ्या वाढवायला ठेवाव्यात. पुढे वाद निघाला तर त्या माशाच कामाला येतात.

आता नमुना. माझ्या मते निकाल बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण इथेच असतं, म्हणून याबद्दल थोडं सविस्तर.

जिवंत अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली की ती आकसते आणि काळी पडते. मरायला वेळ लागतो, आणि त्या वेळात तिच्याच शरीरातली पाचकद्रव्यं डीएनए कुरतडत राहतात. आधी पाणी उकळून खाली उतरवावं, अळी त्यात काही सेकंद सोडावी, ताठ आणि पांढरी झाली की टिपकागदावर टेकवून ९५ ते ९६ टक्के इथेनॉलमध्ये टाकावी. उष्णतेने ती पाचकद्रव्यं निकामी होतात आणि आकारही टिकतो. ७० टक्के अल्कोहोल हे रूप पाहण्यासाठी ठेवायच्या कीटकांचं. डीएनएसाठी ते पातळ पडतं, त्यात अळीच्या अंगातलं पाणी मिसळून आणखी पातळ होतं. म्हणून एका ट्यूबमध्ये अळ्या कोंबू नयेत. दोन मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये दोन, फार तर तीन अळ्या ठेवाव्यात आणि चोवीस तासांनी अल्कोहोल बदलावं. फॉर्मॅलिनला हातही लावू नये. त्यात ठेवलेला नमुना दिसायला छान राहतो, पण डीएनए प्रथिनांशी जखडला जातो आणि त्यातून लांब तुकडा वाढवणं जवळजवळ अशक्य होतं. परवान्याशिवाय शुद्ध इथेनॉल हाताशी नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावं, थोड्या दिवसांसाठी ते चालतं. सॅनिटायझरमध्ये जेल आणि सुगंध असतात, ते नको.

चिठ्ठी पेन्सिलने लिहून ट्यूबच्या आत टाकायची. बाहेरून मार्करने लिहिलेलं अल्कोहोलचा एक थेंब ओघळला की पुसलं जातं, आणि बॉलपेनची शाई आत विरघळते. चिठ्ठीवर फळाचं नाव, कुठल्या बागेची किंवा कुठल्या खेपेची पेटी, तारीख आणि एका फळातल्या अळ्यांना एकच फळक्रमांक हवा. हा फळक्रमांक लोक विसरतात. एका पेटीत बारा अळ्या मिळाल्या आणि सगळ्या एकाच आंब्यातल्या निघाल्या, तर त्या बहुधा एकाच मादीची पिल्लं असतात. त्यावरून 'बारा नमुन्यांत एकच जात' असं लिहिणं चूक आहे.

सापळ्यातल्या माशांची वेगळी अडचण आहे. मिथिल युजेनॉलचा सापळा या तिन्ही जातींच्या नरांना ओढतो, त्यामुळे आमिषावरून जात ठरत नाही. क्यू-ल्यूर या दुसऱ्या आमिषाकडे वेलवर्गातल्या भाज्यांवरची झ्युगोडॅकस क्युकर्बिटी येते, एवढा फरक मात्र कळतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत सापळ्यात मेलेली माशी चटकन वाळते आणि तिचा डीएनए बऱ्यापैकी टिकतो. जूनमध्ये तीच माशी दोन-तीन दिवसांत बुरशीने माखते. बुरशी, जिवाणू आणि मुंग्या मिळून काम संपवतात, हाती फक्त कवच उरतं. डीएनएसाठी माशा हव्या असतील तर पावसाळ्यात सापळा आठवड्याने नव्हे, दर दोन दिवसांनी रिकामा करावा किंवा तळाला प्रोपिलीन ग्लायकॉल ठेवावं. ते उडून जात नाही आणि नमुना सांभाळतं.

कुरिअरने पाठवताना अल्कोहोल ज्वालाग्राही म्हणून अडतं. पाठवण्याच्या दिवशी ट्यूबमधलं बहुतेक अल्कोहोल काढून टाकावं, अल्कोहोलने ओला केलेला कापसाचा बोळा आत ठेवावा, झाकणाला पॅराफिल्म गुंडाळावी. तेवढ्याने दोन-तीन दिवस निभतात. प्रयोगशाळेत पोचल्यावर पुन्हा ताजं अल्कोहोल भरून उणे वीस अंशांवर ठेवावं.

अळी कापताना पुढचं आणि मागचं टोक राखून ठेवायचं. ओळखीची सगळी अंगं त्या दोन टोकांत आहेत: पुढे तोंडाचे आकडे, मागे श्वासछिद्रं. मधला दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा डीएनएसाठी पुरतो. तो तुकडा चिमट्याने हलकेच दाबला तर आतड्यातला आंब्याचा गर पिवळ्या धाग्यासारखा बाहेर येतो. तो पुसून टाकावा. गरातल्या शर्करा आणि टॅनिनसारखी द्रव्यं पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करणाऱ्या क्रियेची, वाट अडवतात. अळी धडधाकट असूनही बँड (वाढलेल्या डीएनएची जेलवर दिसणारी पट्टी) न येण्याचं हे नेहमीचं कारण आहे. मोठ्या माशीचा एक पाय पुरतो, बाकी माशी सुईवर टोचून त्याच क्रमांकाने ठेवावी. नमुना पूर्ण चिरडून टाकणाऱ्या पद्धती मला पटत नाहीत. नाव चुकलंय अशी शंका आली तर परत पाहायला काहीतरी उरलं पाहिजे.

तुकडा ५६ अंशांवर झाकण उघडं ठेवून पाच-दहा मिनिटं वाळवावा, म्हणजे अल्कोहोल उडून जातं. मग ५ टक्के केलेक्सचं (पाण्यात मिसळलेले बारीक मणी) १५० मायक्रोलिटर आणि २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ताकदीच्या प्रोटिनेज-के या प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमचे ५ मायक्रोलिटर घालून ५६ अंशांवर दोन तास ठेवावं, पाय असेल तर रात्रभर. शेवटी ९५ अंशांवर दहा मिनिटं, म्हणजे प्रोटिनेज निकामी होतं. हे शेवटचं गरम करणं राहिलं तर तेच प्रोटिनेज पुढे पीसीआरचं एन्झाइम खाऊन टाकतं. मग तीन मिनिटं सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ पाणी दुसऱ्या ट्यूबमध्ये काढून घ्यावं.

केलेक्सच्या दोन खोड्या आहेत. त्याचे मणी पटकन तळाला बसतात, म्हणून बाटली हलवत राहून टोक कापलेल्या टिपने घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्या ट्यूबमध्ये सगळे मणी आणि शेवटच्या ट्यूबमध्ये नुसतं पाणी जातं. दुसरी खोडी जास्त महागात पडते. एखाद-दुसरा मणी टिपमधून पीसीआरमध्ये गेला तर तो तिथलं मॅग्नेशियम धरून बसतो, आणि मॅग्नेशियमशिवाय एन्झाइम चालत नाही. आख्ख्या प्लेटमध्ये मधूनच चार-पाच घरं कोरी दिसली तर आधी हे तपासावं. वितळवलेला नमुना प्रत्येक वेळी वापरण्याआधी पुन्हा फिरवून घ्यावा.

याहून झटपट पद्धत सोडियम हायड्रॉक्साइडची. २५ मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ०.२ मिलिमोलर ईडीटीए, त्यात तुकडा टाकून ९५ अंशांवर अर्धा तास, मग थंड करून तेवढंच ४० मिलिमोलर ट्रिस-एचसीएल घालायचं. अर्ध्या-पाऊण तासात डीएनए तयार. मुंबईत मात्र एक काळजी घ्यावी लागते. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या पावसाळ्यातल्या हवेत वजनकाट्यावरच पाणी शोषतात. डबा चार वेळा उघडला की वजन भरतं पण ताकद भरत नाही, आणि २५ मिलिमोलर म्हणून केलेलं द्रावण प्रत्यक्षात कमी निघतं. त्यापेक्षा तयार, प्रमाणित द्रावण आणून पातळ करावं. याच कारणाने फ्रीझरमधून काढलेली ट्यूब लगेच उघडू नये. खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर झाकणावरचं दव आत जातं.

पीसीआर नेहमीचाच. मायटोकाँड्रियातल्या सीओआय जीनचा तुकडा १९९४ पासून वापरात असलेल्या एलसीओ-१४९० आणि एचसीओ-२१९८ या प्रायमरांनी, म्हणजे त्या तुकड्याच्या दोन टोकांना चिकटणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी, वाढवतात. प्रायमर वगळून हाती डीएनएची ६५८ अक्षरं येतात. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये याच तुकड्याला प्राण्यांचा बारकोड, म्हणजे जात ओळखण्याची खूण, करण्याची कल्पना मांडली, आणि आज तुलनेसाठी सगळ्यात जास्त नोंदी याच तुकड्याच्या आहेत. २५ मायक्रोलिटरच्या मिश्रणात दुप्पट ताकदीचं मास्टर मिक्स (एन्झाइम आणि क्षारांचं तयार मिश्रण) १२.५, दहा मायक्रोमोलर ताकदीचे दोन्ही प्रायमर प्रत्येकी १, डीएनए २ आणि पाणी ८.५. ९४ अंशांवर तीन मिनिटं, मग पाच फेऱ्या ९४, ४५ आणि ७२ अंशांच्या, त्यानंतर पस्तीस फेऱ्यांत मधलं तापमान ५१, शेवटी ७२ अंशांवर दहा मिनिटं. सुरुवातीच्या पाच सैल फेऱ्यांमुळे प्रायमर थोडा न जुळणाऱ्या जातींतही पकड घेतो. दीड टक्का अॅगारोज जेलवर ७०० अक्षरांच्या आसपास एकच ठसठशीत बँड दिसला पाहिजे.

बँड आला नाही म्हणून लगेच डीएनए वाढवू नये, आधी कमी करून पाहावा. दहा पट आणि पन्नास पट पातळ केलेल्या नमुन्यात बँड उमटला तर अडथळा गरातल्या द्रव्यांचा होता. अजून शंका असेल तर हमखास चालणारा डीएनए आणि संशयित अर्क एकत्र करून लावावेत. चालणाराही बंद पडला तर उत्तर मिळालं. थोडं बीएसए हे प्रथिन घातलं तरी फरक पडतो.

कोरा नमुना प्रत्येक खेपेला लावावाच, आणि एक नव्हे, दोन: एक पीसीआरमध्ये फक्त पाणी घातलेला आणि एक डीएनए काढण्यापासूनच अळीशिवाय चालवलेला. दुसरा लोक गाळतात. पण सुरीवरून, चिमट्यावरून, प्रोटिनेजच्या बाटलीतून आलेली भेसळ फक्त तोच दाखवतो. दोन अळ्यांच्या मध्ये चिमटा अल्कोहोलमध्ये बुडवून जाळावा. अल्कोहोलने पुसणं पुरत नाही, त्याने डीएनए तिथेच चिकटून राहतो. पीसीआर झालेल्या ट्यूबा उघडण्याची जागा आणि नवं मिश्रण करण्याची जागा वेगळ्या खोल्यांत हव्यात. मुंबईच्या चिंचोळ्या प्रयोगशाळांत खोल्या कमी असतात, हे मान्य. निदान टेबलं, पिपेट आणि अॅप्रन वेगळे असावेत, आणि दिवसात एकाच दिशेने जायचं: स्वच्छ टेबलाकडून जेलकडे, उलट कधी नाही.

सिक्वेन्सिंग, म्हणजे अक्षरांचा क्रम वाचणं, दोन्ही बाजूंनी करून घ्यावं. सुरुवातीची तीस-चाळीस अक्षरं दोन्हीकडे धूसर असतात, ती दुसऱ्या बाजूच्या वाचनाने भरून निघतात. फक्त अक्षरांची फाइल आली तर क्रोमॅटोग्राम (प्रत्येक अक्षराच्या शिखरांचा आलेख) मागून घ्या आणि डोळ्यांनी पाहा. जागोजागी एकावर एक दोन शिखरं असतील तर दोन अळ्यांचा डीएनए मिसळला आहे, किंवा मायटोकाँड्रियातल्या जीनची केंद्रकात पडून राहिलेली जुनी नक्कल सोबत वाढली आहे. ती नक्कल पकडण्यासाठी क्रम प्रथिनात वाचून पाहायचा. खऱ्या सीओआयमध्ये मध्येच थांबण्याची खूण येत नाही, आणि अक्षरंही तुटत किंवा वाढत नाहीत. इथे नवख्या माणसाची एक चूक ठरलेली. संगणक आपणहून अक्षरांवरून प्रथिन वाचण्याचं नेहमीचं कोष्टक वापरतो. अपृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियाचं कोष्टक वेगळं आहे, ते पाच क्रमांकाचं. त्यात टीजीए ही थांबण्याची खूण नसून ट्रिप्टोफॅन आहे. कोष्टक न बदलता वाचलं तर चांगला क्रम 'खोटा' ठरवून फेकला जातो.

मग क्रम जेनबँक आणि बोल्ड या डीएनए-क्रमांच्या डेटाबेसांत शोधायचा. पहिल्या ओळीवर जे नाव येतं ते उतरवून अहवाल पाठवणं, हा या कामातला सगळ्यात मोठा धोका आहे. निदान वरच्या पन्नास ओळी वाचाव्यात. क्रमाचा किती भाग जुळला हे टक्केवारीइतकंच महत्त्वाचं. शंभर टक्के साम्य आहे पण फक्त २०० अक्षरांचं, तर ते साम्य नव्हे. बॅक्ट्रोसेराच्या बाबतीत आणखी एक जाळं आहे. आफ्रिकेत सापडलेली माशी २००५ मध्ये इन्व्हेडन्स या नावाने नोंदली गेली, आणि आग्नेय आशियातली एक पपाये म्हणून ओळखली जाई. २०१५ मध्ये या दोन्ही डॉर्सालिसच आहेत असं सविस्तर पुराव्यांनिशी मांडलं गेलं. पण डेटाबेसमधल्या जुन्या नोंदी जुन्याच नावांनी पडून आहेत. कोकणातल्या आंब्यातल्या अळीला 'पपाये ९९.८ टक्के' असं उत्तर आलं तर नवी परदेशी कीड आली म्हणून घाबरायचं कारण नाही, ती डॉर्सालिसच आहे.

कधी उत्तर माशीचं येतच नाही. अळीच्या पोटात परजीवी गांधीलमाशीचं पिल्लू असेल तर प्रायमर तिचाच जीन वाढवू शकतात, आणि फळमाशीच्या जागी फोपियस किंवा डायकास्मिमॉर्फा असं नाव येतं. पेशींत राहणाऱ्या वोल्बाकिया जिवाणूचा तुकडाही हे प्रायमर क्वचित उचलतात. असं झालं तर नमुना टाकून देऊ नका. राखलेली दोन टोकं भिंगाखाली घ्या आणि मधल्या भागाचा दुसरा तुकडा लावा.

झोनाटा, करेक्टा आणि डॉर्सालिस सीओआयवर एकमेकींपासून स्वच्छ वेगळ्या पडतात. मुंबईच्या निर्यातीतले बहुतेक नमुने इथे निकाली निघतात. पण डॉर्सालिसची सख्खी बहीण कॅरँबोली, जी आग्नेय आशियात आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात आहे, ती सीओआयवर भरवशाने वेगळी होत नाही. 'दोन टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे वेगळी जात' हा ठोकताळा इथे मोडतो. तिथे केंद्रकातला आयटीएस-१ हा भाग पाहतात, त्याच्या लांबीतच दोघींत फरक आहे. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो, म्हणून तो फक्त आईची बाजू सांगतो. दोन जातींत संकर झाला असेल तर सीओआय एका पालकाचं नाव पूर्ण विश्वासाने सांगेल आणि दुसऱ्याबद्दल गप्प राहील.

मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीत हे नीट दिसतं. २०१८ च्या मे महिन्यात ती कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही आली. मोठी अळी ओळखायला डीएनए लागत नाही: डोक्यावर उलटा 'वाय' आणि शेवटाजवळच्या खंडावर चौकोनात चार काळे ठिपके. लहान अळीत ते दिसत नाहीत, तिथे बारकोड कामाचा. पण तिचा 'भाताचा' वंश की 'मक्याचा', असं विचारलं की सीओआय मुख्यतः भाताचा म्हणतो, आणि लिंग-गुणसूत्रावरचा टीपीआय जीन मक्याचा. सीओआय एकटंच वाचून 'आता भाताला धोका' असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरतं. पांढऱ्या माशीत, म्हणजे बेमिसिया टबॅसीमध्ये, तर एकाच नावाखाली दिसायला सारख्या अनेक जाती लपल्या आहेत. त्यांच्यासाठी सीओआयचा दुसऱ्या टोकाचा भाग वाचतात आणि ३.५ टक्क्यांची सीमा २०१० पासून वापरात आहे. फळमाशीचे प्रायमर घेऊन पांढऱ्या माशीच्या मागे लागू नये, वेळ जातो.

रोजच्या कामाला प्रत्येक वेळी सिक्वेन्सिंग परवडत नाही. त्यासाठी तोच ७०० चा तुकडा एन्झाइमने कापून बँडचा नमुना पाहायचा. हा मार्ग स्वस्त आहे, फक्त बेरीज करायची सवय हवी. ४५० आणि २५० दिसले तर बेरीज ७००, ठीक. ७००, ४५० आणि २५० तिन्ही दिसले तर तो संकर नव्हे, बहुधा कापणं अर्धवट राहिलं आहे. एन्झाइम कमी पडलं, वेळ कमी पडला किंवा पीसीआरचं क्षार जास्त गेलं. एका जातीपुरते प्रायमर बनवायचे असतील तर फरकाचं अक्षर प्रायमरच्या शेवटच्या टोकाशी, तीन-प्राइम बाजूला हवं. मध्ये असेल तर एन्झाइम ते माफ करून पुढे जातं. आणि 'बँड नाही' हे उत्तर धरायचं असेल तर त्याच ट्यूबमध्ये सगळ्या माशांत चालणारी दुसरी जोडी हवी, नाहीतर डीएनए खराब होता की जात वेगळी होती हे कधीच कळणार नाही. लॅम्प ही ६५ अंशांवर अर्ध्या-एक तासात रंग बदलणारी पद्धत पॅकहाउसला सोयीची आहे, पण चाचणी झालेली ट्यूब तिथे उघडायची नाही. त्यात इतका डीएनए तयार होतो की एकदा हवेत उडाला की पुढचे कित्येक दिवस कोरा नमुनाही रंग बदलतो.

डीएनए एका प्रश्नाचं उत्तर देत नाही, आणि आंब्याच्या निर्यातीत तोच प्रश्न वारंवार येतो: अळी जिवंत होती का? ४८ अंशांच्या पाण्यात तासभर राहून मेलेल्या अळीतूनही ६५८ अक्षरं सुरेख मिळतात. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला ४०० ग्रे किरणमात्रा देतात. तिथे तर अळी वळवळत राहिली तरी तिची माशी होत नाही, एवढंच अपेक्षित असतं, आणि या मात्रेने डीएनएला पडलेल्या तुटी ७०० अक्षरांच्या पीसीआरला जाणवतही नाहीत. म्हणून अळी मारण्याआधी, ती हलत होती की नाही आणि किती वाजता पाहिली, हे चिठ्ठीवर लिहावं. नंतर कुठलंही मशीन ते सांगू शकत नाही.

शिवडी किंवा न्हावाशेवाच्या गोदामांतल्या धान्यात याच्या उलट परिस्थिती असते. खपरा किडा, ट्रोगोडर्मा ग्रॅनेरियम, बऱ्याचदा सापडतच नाही, पोत्यांच्या शिवणीत त्याच्या अळ्यांच्या केसाळ कातीच मिळतात. ट्रोगोडर्माच्या इतर जातींच्या काती जवळपास तशाच, आणि बंदी मात्र खपऱ्यावर. कातीतून डीएनए मिळतो, पण थोडा आणि तुटका. त्यात ६५८ चा हट्ट धरला तर बँड येत नाही. दीडशे-दोनशे अक्षरांच्या छोट्या तुकड्याचे प्रायमर लावावेत, एका ट्यूबमध्ये एकाच किड्याच्या वाटणाऱ्या दोन-तीन काती घालाव्यात आणि कोरे नमुने दुप्पट करावेत, कारण इतक्या कमी डीएनएत भेसळ आधी जिंकते.

अहवालात नुसतं 'बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस' लिहू नये. कोणता जीन, किती अक्षरं, किती साम्य, कोणत्या नोंदींशी, दुसऱ्या क्रमांकाची जात किती दूर, कोरे नमुने स्वच्छ होते का, अळी जिवंत होती का आणि राखलेली दोन टोकं कोणत्या क्रमांकाने कुठे ठेवली आहेत, हे सगळं लिहावं. पुरावा अपुरा असेल तर 'बॅक्ट्रोसेरा, डॉर्सालिस गट' एवढ्यावर थांबावं आणि त्याच फळातल्या वाळूत ठेवलेल्या कोषांतून माशा बाहेर यायची तारीख खाली नोंदवावी.